अकरा मिनिटांचं मौन

आता काय सांगू तुम्हाला, बोलून मी आयुष्यात शंभरदा गोत्यात आलोय, पण त्या दिवशी न बोलता आलो!

झालं असं, की तिकडे दूर रेल्वेचा तो भीषण अपघात झाला, सगळा देश हळहळला. दुसऱ्याच दिवशी आमच्या नाशकात, रविवार कारंज्यावर, सर्वपक्षीय श्रद्धांजली सभा. एकीकडे आमचे माजी नगरसेवक आबा, दुसरीकडे त्यांचे कट्टर विरोधक अण्णा. निवेदक कोण? मी! पेशाने शाळामास्तर, पण माइक दिसला की हात शिवशिवतात.

"मास्तर, एवढं नीट पार पाडा, गणपतीतलं स्टेज तुमचं," आबा म्हणाले होते. दहा वर्षं मी त्या स्टेजवर डोळा ठेवून होतो हो!

पोलिसांची परवानगी सहापर्यंत. 'आधी तो येऊ दे' करत दोघंही उशिरा आले, त्यामुळे सुरुवातच पावणेसहाला. भाषणांआधी दोन मिनिटं मौन. आबा माझ्या कानात कुजबुजले, "मी मान हलवल्याशिवाय संपवायचं नाही. फोटो नीट येऊ द्या."

दोन मिनिटं झाली. आबांची मान खालीच. तीन झाली, चार झाली. बघतो तर काय, आबा एका डोळ्याने अण्णांकडे बघतायत आणि अण्णा एका डोळ्याने आबांकडे! समोर कॅमेरे. जो आधी मान वर करेल त्याचं दुःख कमी ठरणार ना! मग करेल कोण?

आणि मी? मी आपला आबांच्या मानेकडे टक लावून उभा!

रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली. भाजीवाले उभे राहिले. खरं सांगू? तेवढ्या वेळात मला ती गेलेली माणसं पहिल्यांदाच नीट आठवली. टीव्हीवर रुळांशेजारी पडलेला कुणाचा तरी जेवणाचा डबा दाखवला होता. तो काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

अकराव्या मिनिटाला झेंडूवाल्या मावशी ओरडल्या, "ओ मास्तर, झोपले का काय? सहा वाजले! पोलीसदादा कधीचे घड्याळ दाखवू राहिले!"

मी दचकून "ओम शांती!" म्हणालो आणि सभा खलास. आबांची चार पानं आणि अण्णांची सहा पानं खिशातच राहिली. अपघाताचं सगळं खापर एकमेकांच्या पक्षावर फोडायचं ठरवून आले होते बिचारे! आबा माझ्याकडे न बघताच गाडीत बसले. गेलं म्हटलं आपलं स्टेज.

सकाळी आबांचा फोन. तिसऱ्या रिंगला भीतभीत उचलला.

"मास्तर, पेपर वाचला का? 'भाषणबाजी टाळली, अकरा मिनिटं मौन!' अहो, लोकं रडली म्हणे! अण्णापण लय खूश हाय!"

हुश्श! माझ्या जिवात जीव आला. धीर करून विचारलं, "मग आबा, गणपतीतलं स्टेज?"

"तुमचंच की! फक्त बोलायला दुसरा माणूस सांगितलाय. तुम्ही गप्प फार छान राहता!"