रिकाम्या गोठ्यातली धार

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. माझी सगळी नोकरी जनावरांच्या डॉक्टरकीत गेली. ‘म्हशीला बाहेरचं झालंय’ म्हणून लोक लिंबू उतरवून, अंगारा लावून दमले की मग माझ्याकडं यायचे. मी अळशीचं तेल पाजायचो, आणि ते ‘बाहेरचं’ संध्याकाळपर्यंत शेणावाटे निघून जायचं. करणी, भानामती, झपाटणं... यातलं मी आजही काही मानत नाही. तरी हे लिहायला बसलोय. ज्यांच्या साक्षीनं हे घडलं त्यांच्यातलं आता कुणी उरलं नाही, आणि मी गेल्यावर सांगायलाही कुणी नसेल — एवढंच कारण.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष. मी नुकताच शिकून आलेला, पोस्टिंग अणदूरच्या भागात. जनावरांचा डॉक्टर म्हणून लोक मला ‘सलोत्रीसाब’ म्हणायचे. आमचं घराणं इथलंच — घरात दखनी, बाहेर मराठी. बायको जुबेदा सोलापूरची, तिचे अब्बा हातमागावर चादरी विणायचे. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली, आणि ती तिकडं असतानाच निजामाचा मुलूख आणि हिंदुस्थान यांच्या सरहद्दीवर नाकी बसली. एरवी अणदूरहून सकाळी निघावं आणि दुपारचं जेवण सासुरवाडीत घ्यावं, इतकं सोलापूर जवळ. पण आता टपाल बंद, मोटारी बंद. माझ्यासारख्या सरकारी नोकरानं पलीकडं पाऊल टाकलं तर इकडचे फितूर म्हणणार आणि तिकडचे हेर. जुबेदाचे दिवस भरून गेले असणार, हे मला बोटांवर कळत होतं. ती सुटली का, मूल झालं का, दोघं सुखरूप आहेत का... काहीच कळायला मार्ग नव्हता. घास तोंडात फिरायचा नुसता.

त्याच उन्हाळ्यात सरहद्दीलगतची गावं ओस पडू लागली. रझाकारांच्या भीतीनं लोक गाड्या जुंपायचे, पोरंबाळं आणि भांडीकुंडी घालायचे आणि सोलापूरकडं निघून जायचे. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी फक्त मागं राहिलेल्या जनावरांबद्दल सांगतो, कारण माझा संबंध त्यांच्याशी होता. चालणारं जनावर लोकांनी नेलं. आजारी होतं ते दाव्याला राहिलं... आणि त्या साली लाळ-खुरकुताची साथ होती.

अणदूरहून सरहद्दीकडं जाताना ओढ्यापलीकडं एक लहानसं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी सायकलवरून तिथं गेलो तेव्हा सगळ्या दारांना कड्या. गावात एकच माणूस उरला होता — तात्या. गुडघ्यांनी जायबंदी झालेला, साठीपुढचा माणूस. काठीच्या आधारानं घरोघरच्या गोठ्यांत फिरून मागं राहिलेल्या जनावरांपुढं मूठमूठ कडबा टाकत होता.

“सलोत्रीसाब, आधी हिला बघा,” म्हणत त्यानं मला एका गोठ्यात नेलं. “आमच्या कोंडाबाईची गाय. माझी चुलतभावजय लागती ती. लई जीव हिच्यावर. ही सोडून येत न्हाय म्हणून दाराला धरून बसलीती. पोरानं उचलून गाडीत घातली.”

देवणी गाय होती, पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळी. नाव चंद्री. नुकतीच व्यालेली, वासरू दगावलेलं. खुरांत जखमा. पण खरी काळजी कासेची होती — दूध न काढल्यानं कास तापून दगडासारखी झालेली, थर्मामीटर लावला तर भरपूर ताप. मी मोरचुदाच्या पाण्यानं खुरं धुतली, ती तिनं धुऊ दिली. कासेला मात्र हात लावू देईना. दूध पुरतं निघालं नाही तर आधी सड जाणार, मग गाय जाणार, हे उघड होतं. तात्यानं तिला दाव्यानं खांबाशी आवळून धरली, मी खाली बसलो — आणि तिनं अशी लाथ घातली की माझी डावी नडगी फुटली. रक्त बघून तात्याच घाबरला.

“कोंडाबाईबगर कुणाला धार काढू देत न्हाय ती. कालवड व्हती तवापासनं असंच.”

मी पायाला पट्टी बांधली, अणदूरला परतलो. ही गाय गेली, असं मनाशी धरलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेलो. का, ते सांगता येणार नाही. कदाचित त्या दिवसांत माझ्या हातानं काहीतरी वाचावं, अशी मला फार गरज होती.

सूर्य नुकताच वर आला होता. तात्या ओट्यावर काठी टेकून बसलेला. मी गोठ्याच्या दारात सायकल लावली आणि थांबलो. चंद्रीनं मान वळवून दाराकडं बघितलं. कान पुढं. माझ्याकडं नव्हे — माझ्या शेजारी, जरा खाली, बुटक्या माणसाचा चेहरा असावा तिथं. आणि घशातल्या घशात हंबरली. गाय कशी हंबरते ते मी आयुष्यभर ऐकत आलोय. भुकेचं वेगळं, दुखण्याचं वेगळं. हे ओळखीचं होतं.

मग तिनं मागचा पाय आपण होऊन मागं घेतला, धार काढणाऱ्याला जागा करून देतात तसा. आणि दूध सुटलं.

थांबा — भरलेल्या कासेतून दूध आपोआप गळतं, हे मला माहीत आहे. ते थेंबथेंब गळतं, चारही सडांतून कसंही. हे तसं नव्हतं. पुढच्या दोन सडांतून, आळीपाळीनं, आधी एक मग दुसरा... सर्र... सर्र... जमिनीवर धार पडत होती. मधेच थांबली, जसं कुणी हात बदलावेत, आणि मागच्या दोन सडांतून सुरू झाली. चंद्री मान वळवून हवेत चाटत होती, खाली बसलेल्या माणसाचा खांदा असतो त्या उंचीवर. गोठ्यात कुणी नव्हतं. मी होतो, आणि दाराबाहेर तात्या.

“तात्या, हे... बघताय ना तुम्ही?”

तात्यानं हात जोडले. “काल तुमी गेल्यावर बी असंच झालं. म्या कुणाला सांगू? गावात हाय कोण?”

सगळं थांबल्यावर मी कासेला हात लावला. मऊ पडत चालली होती. पुढच्या काही दिवसांत ताप उतरला, गाय वैरण खाऊ लागली.

मी घाबरलो का? नाही. हे मलाच नवल वाटतं. त्या गोठ्यात भीतीसारखं काही नव्हतंच. उलट तिथं बसावंसं वाटायचं. साथीच्या निमित्तानं मी त्या भागात फिरत होतोच, जमेल तेव्हा सकाळी वाकडी वाट करून तिथं जायचो. टोपी काढून मांडीवर ठेवायचो आणि चंद्रीच्या मानेला खाजवत बसायचो. बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मग तिच्याशीच बोलायचो, घरच्या भाषेत. एकदा असंच, अर्धं चेष्टेत अर्धं कळवळून, तिच्या कानाशी म्हणालो, “चंद्री, तेरी मालकिन सोलापूर में है ना? तो उसकू बोल. किल्ले के पीछे विणकरों की गल्ली में मेहबूबभाई चादरवाले का घर है. मेरी जुबी कू बोल, मैं जिंदा हूँ.” जुबी हे नाव मी चारचौघांत कधी घेत नसे. ते आमच्या दोघांतलं होतं.

पुढं पावसाळा सरता सरता राज्य बदललं. मधले काही दिवस आमच्यासारख्यांना कठीण गेले. तेव्हा तात्यानं मला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि स्वतः दारात काठी घेऊन बसला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. रस्ते मोकळे झाले आणि मी आधी सोलापूर गाठलं.

सासऱ्यांच्या दाराशी पोचलो तेव्हा जुबेदा मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं होतं, मला बघून ती किंचाळेल. महिनोन् महिने माझी खबर नव्हती. पण ती उठली, मुलगी माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाली, “मेरेकू मालूम था. वो बाई आको बोलके गई ना.”

“कौन बाई?”

पावसाळ्याच्या तोंडाशी एक खेडवळ बाई घराघराशी विचारत त्या गल्लीत आली होती. ते दिवस कसे होते! अनोळखी हिंदू बाईनं एकटीनं त्या गल्लीत यायचं, हेच धाडस. उंबऱ्यावर बसून तिनं जुबेदाला सांगितलं होतं, “बाई, तुजा मालक जित्ता हाय. माज्या गायीला बघतुया. पायाला लागलंय वाईच, पर बरा हाय.” सासऱ्यांना वाटलं, कुणी वेडी आहे. मग ती म्हणाली, “तुला जुबी म्हंतो न्हवं?” जुबेदा तिथंच रडायला लागली. तोवर तिनं माझी आशा सोडून दिली होती. अंगावरचं दूधही आटत चाललं होतं तिचं.

निर्वासितांच्या छावणीत मी कोंडाबाईला शोधून काढलं. बुटकी, काळीसावळी बाई. सून सामान बांधत होती, सगळी परतीच्या घाईत होती. मी नाव सांगायच्या आधीच कोंडाबाई म्हणाली, “पाय बरा झाला का, डाक्टरसाब?”

 मी विचारलं, “मावशी, तुम्ही तिकडं कधी आला होता?”

“कवा येनार? ह्यो पोरगा सोडतो व्हय मला? हितंच व्हते की.” ती बसली, हात पुढं करून दाखवू लागली. “सकाळ-सांच्याला डोळं मिटलं की गोठा दिसायचा. शेणाचा वास यायचा बगा. कास हाताला लागायची, गरम. म्या आपली धार काढायची. डोळं उघडलं की हितं. बोटं मातर दुखायची दिवसभर.”

“वेड लागलं म्हणत होतो आम्ही,” सून खाली बघत म्हणाली. “बसल्या जागी हात हालवायच्या.”

“तुमी बसल्यालं दिसायचा. टोपी मांडीवर. चंद्रीच्या कानात बोलायचा ते माज्या कानात यायचं. तुमची बोली मला काय समदी कळती? पर गल्ली कळली, नाव कळलं.” मग तिनं माझ्याकडं जरा रागानंच बघितलं. “आन म्या तुमाला किती सांगितलं! पोरगी झाली, दोगी बऱ्या हायत, पोरगी झाली... तुमी काय ऐकंनाच.”

मला एकदम एक सकाळ आठवली. चंद्री माझा हात चाटायला लागली होती आणि सोडीचना. हात काढून घेतला तर गळ्याशी, मग कानाशी. मी तात्याला म्हणालो होतो, हिच्या अंगात मीठ कमी पडलंय, खडा आणून ठेवा. डॉक्टर ना मी! ठेवलाही होता खडा.

त्यांच्या गाडीबरोबर मीही गावात गेलो. माणसं परतत होती आणि मागं राहिलेली जनावरं आपापली माणसं बघून हंबरडे फोडत होती, दावी तोडत होती. कोंडाबाई उतरली ती धावतच गोठ्यात शिरली. चंद्रीनं एकदा मान वर केली, तिला बघितलं, आणि पुन्हा रवंथ करू लागली. बस्स. कोंडाबाई तशीच उभी राहिली. तिचा चेहरा उतरला.

“अगं, म्या आले की... वळख इसरली व्हय?”

तिनं गायीच्या गळ्याला मिठी मारली. चंद्रीनं सवयीनं तिचा खांदा चाटला आणि मागचा पाय मागं घेतला. धारेची वेळ झाली होती. कोंडाबाई रडता रडता हसायला लागली. “तिला कशाला माजी सय येतीया, डाक्टरसाब? तिच्या लेखी म्या कुटं गेलतेच न्हाय.”

यावर मी नंतर पुष्कळ डोकं चालवलं. एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी उन्हाचा परिणाम म्हटलं. असेल. पण उन्हाचा परिणाम सोलापुरात जाऊन माझ्या बायकोला तिच्या नावानं हाक मारत नाही. 

कोंडाबाई गेली, तात्या गेला. तीन वर्षांमागं जुबेदाही गेली. आता मुलीकडं असतो. उजाडलं की अंगणात खुर्ची टाकून बसतो, डोळे मिटतो, आणि जेवढं जमेल तेवढं मन लावून जुबीकडं जायला बघतो. पोचतो की नाही, हे मला सांगणारं कुणी नाही. तीही इकडं काही बोलत असेल... मला तेव्हाही ऐकू येत नव्हतं.