हेंद्रेच्या इदवलचं एकच गाणं

हेंद्रेच्या इदवलला गाणं एकच येत होतं. पण ते असं येत होतं, की दुसरं शिकायची गरज त्याला कधी वाटलीच नाही. आजानं बापाला दिलेलं, बापानं त्याला. गाय-गोठ्यातल्या जन्मापासून थेट शेवटच्या निवाड्याच्या दिवसापर्यंत जाणारं, चांगलं लांबलचक नाताळाचं गाणं. त्यात इदवल खालच्या सुराला लागला, की बाकावरच्या म्हाताऱ्या उगाच शाली सावरायच्या.

एरवी वर्षभर माणूस हेंद्रेच्या मळ्यावर, मेंढरांत आणि दगडी बांधांत. बोलणं कमी. लग्नाचं विचाराल तर म्हणायचा, "विचारायला गेलो होतो एकदा. तिच्याकडं मेंढरांच्या कातरणीची गडबड होती. पुन्हा जायचं ऱ्हाऊनच गेलं."

पण जानेवारी लागला, की त्याच्या अंगात वारं भरायचं. डोंगरापलीकडच्या जुन्या चर्चमध्ये प्लगाइन, म्हणजे नाताळ सरल्यावरची नाताळगाण्यांची संध्याकाळ असायची. तिथं ना पेटी, ना ऑर्गन. नावं कुणी पुकारत नाही. ज्या घराला उठावंसं वाटेल त्यानं उठायचं, पुढं जायचं आणि गायचं. एकच कायदा, आणि तो दगडावरची रेघ: एकदा गायलेलं गाणं त्या संध्याकाळी पुन्हा कुणी गायचं नाही. आजाच्या काळापासून हेंद्रेचा सूर त्या भिंतींत घुमला नाही असं एक वर्ष गेलं नव्हतं, आणि आपल्या हयातीत ते जाऊ नये, एवढंच इदवलचं देवाकडं मागणं होतं.

सगळे गाडीनं खालच्या रस्त्यानं जायचे. हेंद्रेचं बिऱ्हाड मात्र बापजाद्यांसारखं डोंगर चढून, पायी. पुढं इदवल. मागं त्याची थोरली बहीण काइनवेन, मधल्या सुराची. तिच्या मागं शेजारचा मायरिग, टपाल वाटून निवृत्त झालेला, वरच्या सुराचा. बगलेत त्याच्या बायकोनं दिलेला मनुकांचा केक. गवत गोठलेल्या दहिवरानं कडक झालेलं, बुटाखाली पापडासारखं मोडत होतं.

"आरं इदवल," काइनवेन चढावर धापा टाकत म्हणाली, "औंदा पहिलं उठूया. बाहेरची मानसं येनार हायेत म्हनं, पल्याडच्या खोऱ्यातली."

"येऊ देत की. आपलं गानं कोन घेतंय? आन् पहिलं कशाला? नवरदेव वरातीच्या मागनंच येतो."

"तो मागनं येईस्तवर मांडवात दुसराच हुबा ऱ्हायला म्हंजे? तुला काय ठावं म्हना, नवरदेव कसा येतो ते."

मायरिगला ठसका लागला. इदवल पाय उचलून पुढं गेला.

खिंड ओलांडली आणि चर्च दिसलं. खोरं जिथं संपतं तिथं ते बसलंय. त्याच्या पुढं नुसता डोंगर, आणि डोंगरावर मेंढ्या. भोवती यू नावाची काळी झाडं, ती म्हणे चर्चहून म्हातारी. आत मेणबत्त्या लागल्या होत्या. वेदीपुढच्या लाकडी जाळीत शेकडो वर्षांमागच्या कुणा सुतारानं पुंगी वाजवणारं डुक्कर कोरून ठेवलंय. ते इदवलच्या नेहमीच्या बाकावरून बरोबर समोर दिसतं. तिघं तिथं दाटीनं बसली.

प्रार्थना आटोपली. पाद्रीबाई म्हणाल्या, "प्लगाइन आता सुरू आहे," आणि खाली बसल्या.

काइनवेननं कोपर मारलं. इदवल डुकराकडं बघत राहिला. एक बापलेक गाऊन आले. एक जोडपं गाऊन आलं. पुन्हा कोपर. "थांब की," तो पुटपुटला.

मग मागच्या बाकावरून तीन बहिणी उठल्या. पल्याडच्याच त्या. थोरलीनं सूरकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी नेला, बहिणींना सूर दिला, आणि पहिली ओळ निघाली.

इदवलला वाटलं, भर सभेत कुणीतरी आपल्या पायातला बूट काढून नेतंय. त्याचंच गाणं. वाईट गायल्या असत्या तर रागावता तरी आलं असतं. पण पोरींनी झऱ्याच्या पाण्यागत गायलं, शेवटच्या निवाड्यापर्यंत. परत जाऊन बसल्या. टाळी तिथं वाजवत नाहीत, म्हणून शांतता आणखीनच मोठी झाली.

"चला घरी," इदवल म्हणाला. "हेंद्रे गप बसली औंदा."

"तू बस गप," काइनवेन म्हणाली आणि उठली. मायरिगही उठला. दोघं सरळ पुढं गेली.

आता बाकावर राहिला इदवल एकटा. पुढं त्याचं घर तळाच्या सुराशिवाय उभं. सगळं चर्च मान न वळवता त्याच्याकडं बघत होतं. तो उठला आणि जाऊन उभा राहिला.

"कंचं गानं?" ओठ न हलवता त्यानं विचारलं.

"खालचा सूर धर. सबुद बोलू नगंस."

"कवा शिकलासा तुमी?"

"तू मेंढरांकडं जातोस तवा. मायरिग चहाला येतो. चहा प्यायला कितीसा येळ लागतो मानसाला?"

पहिल्या बाकानं हे सगळं ऐकलं. पाद्रीबाई स्वतःच्या बुटांकडं बघायला लागल्या.

त्यांनी सूर लावला. पहिल्या कडव्यात इदवल धुक्यात मेंढरू शोधावं तसा चाचपडला. दुसऱ्यात मायरिगच्या हनुवटीवर नजर लावली. ती खाली गेली की हाही खाली. तिसऱ्यात ओळींची शेपटं हाती लागायला लागली, तसा त्याला धीर आला, आणि चौथ्यात त्यानं एक अख्खा शब्द टाकला. 'राजा' हवा होता, यानं 'बोकड' म्हटलं, छाती भरून. कुणी हसलं नाही. पण पहिल्या बाकापुढच्या मेणबत्त्या बऱ्याच हलल्या.

नंतर शेजारच्या दालनात जेवणं. थंड गोमांस, बीटाचं लोणचं, वाफाळता चहा. तिघींतली थोरली इदवलपाशी आली, अवघडून.

"काका, ते तुमच्या घरचं गाणं होतं, आम्हाला आत्ता कळलं. ठाऊक असतं तर..."

"चौथ्या कडव्यात घाई केलीस बाय," इदवल म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन, "बाकी गोड गायलासा. ये हेंद्रेला. खालचा सूर दावतो तुला."

पोरगी हसत गेली. इदवलनं मांसाच्या ताटाकडं हात नेला. काइनवेननं ताट आपल्याकडं ओढलं.

"आधी दुसरं कडवं म्हनून दाव."

"आगं, भूक लागलीय."

"फुडल्या साली पुन्ना कुनी आपलं गानं उचललं, तर काय बोकड गानार हाईस? म्हन."

सगळं टेबल ऐकत होतं. इदवल म्हणायला लागला. पहिल्या ओळीला अडला, मायरिगनं सांगितलं. तिसरीला अडला, समोरच्या म्हातारीनं सांगितलं. कडवं पुरं होईस्तवर ताट रिकामं होत आलं होतं. उरलेला तुकडा काइनवेननं त्याच्या बशीत टाकला, आणि तो तोंडात असतानाच इदवलनं विचारलं,

"तिसरं कसं हाय?"