पाचापैकी चार

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी सगळं सरळ सांगितलं होतं, तेही दोनदा. दोष द्यायला घरातच माणूस आहे, मी.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि शेवटच्या बदलीच्या गावी, जयपुरातच राहिले. तिथल्या गोपालपुरा भागात कोचिंग क्लासला गणित शिकवायचे. त्या बाजूला माणसाला आधी टक्के विचारतात, मग नाव. यांना गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आधी किरणं आणि केमो, मग तपासणी, मग ऑपरेशन, असं ठरलं.

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा हे रक्ताचा नमुना द्यायला गेले होते. डॉक्टरांनी मला समजावलं. गाठीने उपचाराला किती दाद दिली, त्याचे एक ते पाच आकडे असतात. एक म्हणजे गाठ गेलीच, पाच म्हणजे जशीच्या तशी. यांचा चार. "ऐसे केस में आगे भी मुश्किल रहती है. ऑपरेशन में देर मत कीजिए."

बाहेर यांनी माझ्या हातातून रिपोर्ट ओढला आणि आकडा तेवढा बघितला. "पाचापैकी चार! ऐंशी टक्के!" जन्मभर लोकांच्या कर्जाच्या कागदांतली बारीक अक्षरं वाचणारा माणूस, पण स्वतःच्या आकड्याखालची ओळ काही वाचेना. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "आज पिठलं-भात कर. भूक लागलीय." चार महिन्यांनी भूक! मी पिठलं केलं. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या शेजारीण मिल्क केक घेऊन हजर. "भाभीजी, बधाई हो! भाईसाब तो फर्स्ट डिविजन!" आता कुठल्या तोंडाने सांगणार?

"क्लासच्या मुलांची परीक्षा होऊ दे, मग ऑपरेशन," हे म्हणाले. मी मान डोलावली. हॉस्पिटलातून फोन आला, तर यांना ताप आहे असं मीच सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच. माझी मलाच किळस येते.

परीक्षा झाली. ऑपरेशनआधी पुन्हा तपासणी झाली, तर कॅन्सर यकृतात पोचलेला. आता ऑपरेशन नाही, डॉक्टर म्हणाले.

"या वेळी किती?" यांनी घरी आल्यावर विचारलं.

"आकडा लिहिलेला नाही."

"म्हणजे परीक्षेलाच बसू दिलं नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तेव्हाचा चार म्हणजे काय होतं गं?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं, फोनसुद्धा. हे चिडले असते तर बरं झालं असतं.

"पिठल्याच्या आधी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले.