पुढची सीट माझी : बोरीवली ते दापोली, पण पेणपर्यंतच

शनिवार, १४ डिसेंबर, सकाळी सव्वाअकरा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सीटवाल्याने माझ्या मोटरसायकलवरचं प्लास्टिक ओढलं आणि म्हणाला, "बघा मॅडम, तुमच्या पाठीला टेकायला पण दिलंय!"

टेकायची सोय मागच्या सीटला होती. गाडी मी चालवते.

मापं द्यायला गेले तेव्हाच हे सांगितलं होतं. कंपनीच्या सीटवर पनवेलच्या पुढे माझी कंबर धरते, म्हणून रुंद, टणक फोमची सीट हवी होती. मी पुढे बसले, त्याने खडूने खुणा केल्या. मग नुसता सोबत आलेला माझा नवरा सुधीर, चहा पीत उभा होता, त्याला म्हणाला, "काका, तुम्ही पण बसा ना एकदा." सुधीर बसला. त्याला बस म्हटलं की तो बसतो. आणि सीट बनली त्या सहा फुटी माणसाच्या मापाची, ज्याला सायकलसुद्धा येत नाही.

"पुढची खाली करा. माझे पाय टेकत नाहीत," मी म्हटलं.

"कारागीर आता सोमवारी येणार. आणि काका उंच आहेत ना, त्यांचे गुडघे दुखतील."

"काका चालवत नाहीत."

"शिकतील की, मॅडम!"

सोमवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दापोलीला माझी थोरली बहीण राहते. मंगळवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि दुसऱ्या डोळ्याने तिला आधीच दिसत नाही. "त्याआधी तुला गाडीवरून दारात येताना बघायचंय गं," म्हणाली होती. मी रविवारी पहाटेच त्याच सीटवर निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते : समुद्रावरच्या नव्या पुलावर दुचाकीला मनाई आहे, तेव्हा जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता, घाटकोपर, वाशी असंच जा, आणि उजाडायच्या आत जा. पनवेलला इडली खाल्ली. कंबर अजिबात दुखत नव्हती. फोम उत्तम आहे, हे मला दात-ओठ खात लिहावं लागतंय.

पेणच्या पुढे उतारावर समोरचा ट्रक अचानक थांबला. मी थांबले, डावा पाय खाली सोडला, जमीन लागलीच नाही. गाडीसकट आडवी. टपरीवरचे दोघे धावत आले, गाडी उचलली आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "गाडीवाले कुठायत?"

"तुमच्यासमोर उभी आहे."

घोटा सुजला होता. ताईला फोन केला.

"कुठवर आलीस?"

"पेण. पडले. परत फिरतेय. त्या सीटवाल्याला मी सोडणार नाही."

"आधी बर्फ लाव. मग सोडू नकोस."

परतीत प्रत्येक सिग्नलला पाय ठेवायला दुभाजकाची कड शोधत आले. सुधीर सोसायटीच्या गेटवर बर्फ घेऊन उभा होता.

मंगळवारी ताईचं ऑपरेशन झालं. दिसेल की नाही, ते पट्टी सुटल्यावर कळेल. तोपर्यंत मला आठवत राहतंय की कंबर न दुखता मी पेण ओलांडलं होतं. दापोली मला जमली असती.

सीटवाल्या महाशयांना हा मजकूर पाठवलाय. मला पैसे परत नकोत. मला पुढे बसवून, माझे पाय जमिनीला टेकवून, माझंच माप घ्या. आणि गाडीची मालकीण समोर असताना नवऱ्याचं माप का घेतलंत, याचं लेखी उत्तर शुक्रवार, २७ डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत मला द्या. फोन करू नका. आणि काकांना तर मुळीच करू नका.