दुखणं सांगायची वेळ

घाटात विजेची इंजिनं सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. श्रावण होता. सकाळी शेगडी पेटवायला बसले, काडेपेटीतून काडी काढली आणि ती चिमटीत राहीना. दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा पेटीच हातातून सुटली आणि ओल्या फरशीवर काड्या पसरल्या. मला हसूच आलं. हात अंगाखाली घेऊन झोपले असेन, म्हणून बोटं आखडली, असं वाटलं. माझं वय तेव्हा सत्तावीस होतं आणि सत्ताविसाव्या वर्षी कुणी याहून वाईट काही मनात आणत नाही.

माझे यजमान लोणावळ्याला पार्सल ऑफिसात कारकून होते. स्टेशनामागे दोन खोल्यांची रेल्वेची जागा होती. आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. माझं माहेर तळेगावचं, तिथे पाऊस पडतो आणि जातो. लोणावळ्यात तो चार महिने घरात राहायला येतो. मीठ पाझरतं, भिंतींना बुरशी येते, शेगडीवर बांबूचं डालगं उपडं घालून त्यावर मुलीचे कपडे वाळवावे लागतात आणि मग त्या कपड्यांना दिवसभर धुराचा वास येतो. पहिल्या वर्षी मी सगळा दोष त्या ओलीला दिला. पाऊस संपला, ऊन पडलं, बोटं जराशी सुटली. दुसऱ्या वर्षी मात्र दोन्ही मनगटं सुजली, मग गुडघे. आणि दिवाळीचं कोरडं ऊन पडलं तरी ती सूज काही उतरली नाही.

सगळ्यात वाईट सकाळ. जाग आली की मी हलायची नाही. आज कुठे आहे ते आधी पडल्या पडल्या पाहायची. उजव्या खांद्यात आहे का, पावलात आहे का, की फक्त बोटांत. मग कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन बसायचं, भिंतीला धरून उभं राहायचं. घंगाळात कढत पाणी घेऊन त्यात हात बुडवून बसायची, तेव्हा कुठे मुठी उघडायच्या. तोवर बाकीच्या बायकांची अर्धी कामं झालेली असत. माझा दिवस सुरू व्हायच्या आधीच मी दमलेली असे.

उपाय पुष्कळ झाले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, वाळूची पुरचुंडी, एरंडाची पानं, सुंठीचा काढा, आईनं पाठवलेले मेथीचे लाडू. सहा महिने कुठलंही आंबट खाल्लं नाही. शेवटी यजमान मला दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलणारे. त्यांनी एक खारट औषध दिलं. ते घेतलं की दुखणं थोडं दबायचं, पण कानात दिवसभर रातकिडे ओरडायचे. महिन्याभरानं मी त्यांना विचारलं, "हे किती दिवस घ्यायचं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू का, बाई? हे जायचं नाही. कमीजास्त होत राहील. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

परत येताना यजमान चिडले होते. "असं बोलतं का कुणी आजारी माणसाशी?" मला मात्र हलकं वाटत होतं. दोन वर्षं मी बरी होण्याच्या कामाला जुंपलेली होते, आणि कुणीतरी मला त्या कामातून सोडवलं होतं. हे हलकेपण दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मुलीची वेणी घालायला बसले, पेड हातातून सुटत राहिले, शेवटी ती म्हणाली, "आई, राहू दे, मी शेजारच्या काकूंकडे जाते." ती उड्या मारत गेली. मी फणी हातात घेऊन तिथेच बसले आणि मग रडले.

शेजारच्या काकू मनानं चांगल्या होत्या. त्या रोज सकाळी दारात येऊन विचारायच्या, "आज कसं वाटतंय?" पहिले काही महिने मी खरं सांगितलं. खरं सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा, त्या एखादा नवा उपाय सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तो केला का म्हणून विचारायच्या. पुढे पुढे मी "बरं आहे" म्हणायला लागले. ते दोन शब्द म्हणायलाही ताकद लागते, हे मला तेव्हा कळलं. घरातही मी तेच म्हणायला लागले. यजमान कामावरून आले की माझ्याकडे न बघता विचारायचे, मी बरं आहे म्हणायची, आणि आम्ही दोघं गप्प जेवायचो.

आमच्याकडे दूध घालायला जवळच्या कुरवंडे गावाहून एक बाई यायच्या. पन्नाशीच्या असतील. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी चरवी, पावसात अंगावर इरलं. एका पायानं लंगडायच्या, पण दूध कधी हिंदकळायचं नाही. मी त्यांना मावशी म्हणायची. तोवर आमचं बोलणं दुधापुरतंच होतं. एक दिवस त्यांनी दूध मापून घातलं आणि पातेलं उचलताना माझं मनगट वळलं. सगळं दूध पायरीवर सांडलं.

"हातानं धरवंना व्हय?" त्या म्हणाल्या.

"नाही, निसटलं. बरं आहे आता."

त्यांनी माझ्या बोटांकडे नीट पाहिलं. "बरं कुटं हाय? माज्याम्होरं कशापायी खोटं बोलता? मी काय वैद न्हाई. तुमाला काय करा म्हून सांगायची न्हाई."

आणि त्या पायरीवर बसल्या. बसल्या म्हणजे आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग डोळे मिटून दात आवळून खाली आल्या. मी असंच बसते, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं. दहा वर्षांपूर्वी डोंगरावरून लाकडाची मोळी घेऊन उतरताना त्या घसरल्या होत्या. तेव्हापासून कमरेपासून घोट्यापर्यंत कळ. गावातल्या कुणीतरी बिब्ब्याचे डाग दिले होते. पोटरीवरचे काळे वण त्यांनी मला दाखवले. "डागल्याली जागा येगळी दुखती, आन् आतलं येगळं दुखतं," त्या म्हणाल्या. "आधी येक व्हतं, आता दोन झाली."

मी आत जाऊन चहा केला. दोन्ही तळव्यांत कप धरून बाहेर आणला. त्या दिवशी मी बोलायला लागले ती थांबेचना. शेवटी मावशीच म्हणाल्या, "आता पुरं बाई. च्या हाय तवर बोलायचं. च्या संपला की उटायचं. न्हाईतर दिसभर त्येच."

तसाच आमचा नेम पडला. आठवड्यातून दोनतीनदा, बाकीच्या घरांचं दूध घालून झालं की त्या परत येऊन पायरीवर बसायच्या. आधी त्या सांगायच्या, मग मी. उपाय सांगायचा नाही, धीर द्यायचा नाही. जे सांगायला लाज वाटते तेही सांगायचं. एकदा मी त्यांना सांगितलं की मुलगी अंगणात पळताना दिसली की मला कधी कधी तिचा राग येतो. पोटच्या पोरीचा. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. वाटलं, आता ही बाई उठून जाईल.

मावशींनी बशीतला चहा फुंकला. "मला बी येतो. माजी सून दोन हंडं डोईवर घिऊन चालती, ताठ. मला वाटतं, येकदा पडावी. मंग कळंल." बशी खाली ठेवून म्हणाल्या, "पडली न्हाई कंदी. देवाची किरपा."

आम्ही दोघी हसलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या हातांनी कणीक मळणंच सोडलं. एका संध्याकाळी यजमान कामावरून आले, मला परातीपुढे नुसतं बसलेलं पाहिलं. त्यांनी कोट खुंटीला लावला, बाह्या वर केल्या, दाराला कडी घातली आणि परात स्वतःपुढे ओढली. कुणाला दिसू नये म्हणून ती कडी. पहिल्या दिवशी पीठ इतकं सैल झालं की त्याची धिरडीच करावी लागली. मग रोज संध्याकाळी दाराला कडी लागायची. लाटायला मला यायचं, तळहातानं पोळपाटावर लाटणं ढकलत. वाकड्या पोळ्या व्हायच्या. मुलगी कधी काही बोलली नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी एका घरी गेले. तिथे कैरीची डाळ घेता घेता एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "यांना काय बाई, घरधनीच पीठ मळून देतात म्हणे." सगळ्याजणी हसल्या. त्यात वाईट असं काही नसावं, आज वाटतं. तेव्हा माझे कान पेटले. ओटी घेतली आणि घरी आले. यजमान परात घेऊनच बसले होते.

"उद्यापासून हे बंद," मी म्हणाले. "सगळीकडे झालंय. मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"मग जेवायचं काय?"

"काही का जेवा! दुसरी करा. धडधाकट हातांची. मी मेले तर सगळे सुटतील एकदाचे."

त्यांनी हातांचं पीठ पुसलं नाही. परातीकडेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू दमलीस. मीही दमलोय. तू रोज बरं आहे म्हणतेस, आणि ते खरं नाही हे मला माहीत असतं, त्यानं मी जास्त दमतो. पीठ मळून दमत नाही."

लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. इतकं लांब वाक्य ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. भांडण मिटलं असंही म्हणता येणार नाही, आम्ही नुसतं पोळ्या करायला घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कडी घातली नाही, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "आज डावा खांदा फार आहे." त्यांनी मान हलवली. बास, तेवढंच.

अशी चारपाच वर्षं गेली. एका मार्गशीर्षात मावशींऐवजी त्यांची सून दूध घेऊन आली. "आत्याबाईंस्नी उटवत न्हाई," ती म्हणाली. आठ दिवसांनी तेच, पंधरा दिवसांनीही तेच. मी यजमानांना म्हटलं, मला कुरवंड्याला जायचंय. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, पण नाही म्हटलं नाही. बाजारात माल टाकून रिकामी परतणारी एक बैलगाडी त्यांनी ठरवली आणि गाडीत दोन गोधड्या घातल्या. वाट खडकाळ होती. प्रत्येक धोंड्यावर चाक चढलं की माझ्या मानेपर्यंत कळ जायची. गावाजवळचा नागफणीचा सुळका समोर दिसायला लागला तेव्हा मला ओकारी आली होती.

मावशी दारापुढे उन्हात घोंगडीवर पडल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. मला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मी शेजारी बसले. आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "मावशी, आता कसं वाटतंय?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बरं हाय," त्या म्हणाल्या.

मला चपराक बसल्यासारखं झालं. पाच वर्षं आम्ही एकमेकींना हे दोन शब्द म्हटले नव्हते. मी विचारलं म्हणून त्यांनी ते म्हटले. मी कुठून तरी आलेली, बरी, हिंडती बाई झाले होते. त्यांच्यापुरती तशी मी होतेच. मग मी काही विचारलं नाही. माझा पंजा चालत नव्हता, म्हणून कोपरापासूनचा हात त्यांच्या कमरेवर ठेवून थोडा भार दिला. त्या कण्हल्या, पण "हात काढा" म्हणाल्या नाहीत. ऊन सरकेपर्यंत तशीच बसले. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "लय लांब आलात, बाई. आता चार दिस पडाल." आणि खरोखर मी चार दिवस अंथरुणावरून उठले नाही. चैत्र लागायच्या आधीच त्या गेल्याचं सुनेनं सांगितलं. दूध मापता मापता सांगितलं.

कुरवंड्याहून येऊन मी पडून होते, त्या चार दिवसांत काकू आल्या होत्या. नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, "फार दुखतंय हो. कणीक तेवढी मळून द्याल का?" त्या एकदम उठल्या, जणू इतकी वर्षं दारात त्याच कामासाठी उभ्या होत्या. मळता मळता त्यांनी एक नवा लेपही सांगितला. मी ऐकून घेतला.

आता माझी बोटं करंगळीकडे झुकली आहेत, वाऱ्यानं गवत झुकतं तशी. ही पाचसहा पानं लिहायला मला पावसाळ्याचा बराच भाग लागला. दुखण्याची सवय होते असं लोक म्हणतात. सवय होत नाही. कंटाळा येतो, आणि कंटाळून माणूस त्याच्याशी रोजचं भांडण सोडून देतं, कधी पुन्हा सुरू करतं. मुलगी तळेगावलाच सासरी आहे. गाडीनं महिन्यातून एकदा येते. ती आली की मी आधी तिचे हात बघते. तिला ते आवडत नाही, ती पदराखाली घेते. चहा गाळताना मग मला दिसतात. अजून सरळ आहेत.