राहिलेली कोथिंबीर

बंगळूरमधल्या हेब्बाळच्या आमच्या गल्लीतले निपाणीचे काका बाजारातून येताना रोज एक जिन्नस मुद्दाम विसरत. "कोथिंबीर राहिली की हो!" म्हणत मला डोळा मारत आणि पुन्हा निघत. मग भाजीवाल्या अक्कांशी घासाघीस, न्हाव्याकडे कन्नडमधून राजकारण. त्यांच्या मुलाला वाटलं, बाबांची स्मरणशक्ती चालली. मी खरं काय ते सांगितलं, पण त्याला पटलं नाही. त्याने त्यांना मारतहळ्ळीला पंधराव्या मजल्यावर नेलं. तिथे सगळं दारात येतं.

सहा महिन्यांनी भेटायला गेलो. चहा संपल्यावर काका म्हणाले, "बसा, चहा टाकायला सांगतो."

"आत्ताच झाला की, काका."

"झाला?"

एका भेटीवरून निष्कर्ष काढू नये, हे मला कळतं. तरी त्यांनी डोळा मारावा म्हणून मी वाट पाहत राहिलो.