थंडी खाल्लेलं फूल

ज्याच्यावर मनापासून जळावं आणि त्याला त्याचा पत्ताही नसावा, असा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. या जळण्यापायी मी एकदा काय केलं ते आधीच सांगून टाकतो. मुहर्रकच्या एका दुकानात फुललेला निवडुंग दिसला. तो घेतला आणि 'आमच्या गॅलरीत फुलला' म्हणून अरादला त्यांच्या घरी मिरवत नेला. दाजींनी चष्मा चढवला, फुलाला बोट लावलं, आणि फूल त्यांच्या हातात आलं. खाली गोंदाचा ठिपका. कुणीतरी वाळकं फूल चिकटवून विकलं होतं. दुसरा असता तर वर्षभर हसला असता. दाजींनी ते हळूच परत टेकवलं आणि म्हणाले, "झाड मात्र तब्येतीचं आहे, साडूभाऊ." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दाजी विमानतळावर एसी दुरुस्त करतात. दिवसभर दुनियेला गार करायचं आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर निवडुंगांना. आमच्या माणदेशात निवडुंग बांधावर आपोआप येतो आणि पायात काटा मोडला की शिव्या खातो. इथे हा गृहस्थ बर्फाळ डोंगरातल्या निवडुंगाचं बी मागवून ते दूध पावडरच्या रिकाम्या डब्यांत वाढवतो, तेही बारा महिने उघड्यावर. जुलैत हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते, तेव्हा पाणी बंद. रजेवर गावी जाताना गच्चीच्या दारावर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि अरबीत पाटी: 'कृपया दया येऊन पाणी घालू नये.' धुळीचं वादळ होऊन गेलं की मुलीच्या रंगाच्या ब्रशने एकेक काटा झाडायचा. इथली थंडी झाडांना पुरत नाही म्हणून एका जानेवारीत त्यांनी मासळी बाजारातला बर्फ आणून डब्यांभोवती रचला. जिना आठवडाभर सुरमईसारखा घमघमत होता. ताई, म्हणजे बायकोची थोरली बहीण, एवढंच म्हणाली, "फूल येईल तेव्हा येईल, आत्ता मांजरं आलीत."

मार्चमध्ये फूल आलं. राणी कलरचं, रेशमासारखं, वाटीएवढं. बाकीची झाडं नुसती जगायची, फुलणारी दोनच. दुपारी उमलून चारला मिटायचं, त्यामुळे दाजी शिफ्ट बदलून घ्यायचे आणि बारशाला बोलवावं तसं सगळ्यांना बोलवायचे. बायको त्या फुलापुढे जशी उभी राहायची तशी माझ्यापुढे लग्नातसुद्धा उभी राहिली नव्हती.

त्या गोंदाच्या प्रकरणानंतर घरी निघताना दाजींनी त्या दोन डब्यांतला एक माझ्या हातात ठेवला. बुडाशी लाल रंगात लिहून दिलं, 'साडूभाऊंचा'. माझ्याकडे आल्यापासून त्याने फुलणं सोडलं. एक थंडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. लेक अधूनमधून वाकून विचारायची, "बाबा, इज इट इव्हन अलाइव्ह?" दाजींनी मला किती वेळा सांगितलं होतं, "थंडी सोसू द्या त्याला. गारठल्याशिवाय त्याला फूल सुचत नाही." मी हो म्हणायचो आणि वारा सुटला की डबा आत घ्यायचो. वर प्रेमाने चमचाभर पाणी. मला एकच हवं होतं: एकदा तरी बायकोने माझ्या झाडासमोर तसं उभं राहावं.

आणि यंदा ते झालं. फेब्रुवारीत सखीरच्या ऑफिसातून घरी आलो तर झाडावर मण्याएवढी कळी. पंधरा दिवसांनी शुक्रवारी ती उमलली. मी सगळ्यांना बोलावलं, चहा पाजला आणि निवडुंग कसा वाढवावा यावर भाषण ठोकलं, तेही दाजींपुढे. ते मान डोलावत ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पाणी किती घालता हो?" मी सविस्तर सांगितलं. बायको फुलासमोर उभी होती, अगदी तशीच. मी इतका फुगलो होतो की त्या खोलीत दुसऱ्या फुलाची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅलरीची फरशी पुसताना डबा उचलला. बुडाशी लाल रंगात लिहिलं होतं, 'घरचा'.

मी तिथेच बसलो. यंदा अरादहून बारशाचं आमंत्रण आलंच नव्हतं, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्यांच्या गच्चीवर आता माझा मुका निवडुंग बसला होता, आणि ते त्याला ब्रशने झाडत असणार.

डबा तसाच हातात धरून आत गेलो आणि बायकोला बूड दाखवलं. तिने कणीक मळायची थांबवली नाही.

"दार मीच उघडलं होतं," ती म्हणाली. "दाजी म्हणाले, त्यांना कळू देऊ नकोस, हिरमुसतील. आता तुम्हाला कळलंय हे दाजींना कळू देऊ नका. तेही हिरमुसतील."